फळ्याचा कोपरा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लिहायला सांगितलं, तेव्हा आधी आठवल्या त्या आमच्या विज्ञानाच्या बाई आणि त्यांच्यामुळे आमच्या वर्गात आलेले डॉ. जयंत नारळीकर.

सर शाळेत कधी आले नाहीत. बाईच आम्हाला दुसऱ्या शनिवारी आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतल्या व्याख्यानाला घेऊन जायच्या. व्याख्यान संपलं की मुलं वह्या पुढे करून स्वाक्षरीसाठी सरांभोवती गर्दी करायची. सर वहीवर सही देत नसत. मनातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत. मग बाई पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणायच्या. पण कार्ड लगेच हातात मिळत नसे. आधी प्रश्न पाटीवर लिहून दाखवायचा. पुस्तकात उत्तर सापडेल असा असला, तर पुसून दुसरा. प्रश्न विचारण्याआधी आपल्याला काय ठाऊक आहे ते तपासायचं असतं, हे मी तिथे शिकलो. आज कारखान्यात यंत्र बंद पडलं की मी आधी तेच करतो.

बाई सरांच्या घरच्या गोष्टी सांगायच्या. वडील विष्णुपंत बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा त्यावर ‘जेव्हीएन’साठी, म्हणजे जयंत विष्णू नारळीकरांसाठी, एखादं कठीण गणित लिहून ठेवायचे आणि ते सुटेपर्यंत पुसायचे नाहीत. पुढे केंब्रिज, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबरचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, १९६५ साली पद्मभूषण. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतंच. मला मात्र तो फळा मोठा वाटतो.

तसंच घर त्यांनी पुढे स्वतः उभं केलं. १९६६ साली लग्न झालं ते मंगलाताईंशी. त्याही गणितज्ञ. संसार आणि तीन मुली सांभाळत त्यांनी डॉक्टरेट केली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना सरांनी आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा उतरवून दिली मंगलाताईंनी. तिला पहिलं बक्षीस मिळालं. नवऱ्याची गोष्ट बायकोच्या अक्षरात परीक्षकांपुढे गेली, याचं मला अजून फार अप्रूप वाटतं. गीता, गिरिजा आणि लीलावती या तिन्ही मुलीही संशोधनाकडेच वळल्या.

जुलै २०२३ मध्ये मंगलाताई गेल्या, २० मे २०२५ रोजी सर. बातमी वाचली आणि बाईंना फोन लावला. दोघांनाही बराच वेळ बोलता आलं नाही.

बाईंनीही आमच्या वर्गात फळ्याचा उजवा कोपरा चौकट आखून राखून ठेवला होता. त्यात आठवड्याचं एक कोडं असे. सफाईवाल्या मावशीसुद्धा तेवढा भाग सोडून फळा पुसायच्या. महोत्सव समितीला माझी विनंती आहे, की नव्या इमारतीच्या व्हरांड्यात मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर असा एक फळा लावावा. त्याचा आणि दरवर्षीच्या खडूंचा खर्च माझ्याकडे.