तेलुगूतून थेट मराठीत

सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात आणि मुलं मराठी शाळेत शिकतात. लक्ष्मीनारायण बोल्ली याच शहरात राहून दोन्ही भाषांत लिहीत होते. अशा गावात तरी तेलुगू पुस्तक हिंदी किंवा इंग्रजीवरून मराठीत आणू नये.

तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ वेगळे, जसे आपले ‘आम्ही’ आणि ‘आपण’. नवी सून सासरी यातलं काय म्हणते, यावरून तिने ते घर आपलं मानलं का हे कळतं. हिंदीत दोन्हींचं ‘हम’ होतं आणि मराठी करणारा मग अंदाज बांधत बसतो. ‘निन्न वच्चिन मनिषि’ शब्दाला शब्द ‘काल आलेला माणूस’ होतं, वाक्य मोडावं लागत नाही. गुरजाडा अप्पाराव यांच्या ‘कन्याशुल्कम्’ या तेलुगू नाटकाचं (१८९७, सुधारित १९०९) वेल्चेरु नारायणराव यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २००७ साली आलं. संदर्भासाठी ते जरूर शेजारी ठेवावं. मराठी मात्र मूळ संहितेवरूनच करावं.

अडचणी वेगळ्याच ठिकाणी येतात. ‘वच्चाडु’ म्हणजे तो आला. ‘वच्चिंदि’ मात्र मुलगी, मांजर, बस, सगळ्यांना चालतं आणि तेलुगूत कर्ता सर्रास गाळतात. म्हणून आधी मागची वाक्यं पाहून प्रत्येक ‘वच्चिंदि’चा कर्ता पेन्सिलीने समासात लिहावा, मगच आली, आलं ठरवावं.

नात्यांचा गुंता त्याहून मोठा. ‘अत्त’ म्हणजे आत्या, मामी किंवा सासू. ‘बावा’ म्हणजे वयाने मोठा आतेभाऊ, मामेभाऊ किंवा मोठ्या बहिणीचा नवरा. आते-मामे भावंडांत लग्नं होत, त्यामुळे एकच माणूस दोन नात्यांनी बावा असू शकतो. कादंबरी हातात घेतली की पहिल्या दिवशी वंशावळ काढावी, प्रत्येकाच्या वयासकट. हे टाळलं तर पन्नासाव्या पानावर आत्याची सासू होते आणि मागचं सगळं पुन्हा तपासावं लागतं.

संस्कृत शब्द ओळखीचे वाटतात, तिथेच घात होतो. ‘उद्योगम्’ म्हणजे नोकरी, ‘अनुमानम्’ म्हणजे संशय, ‘अवसरम्’ म्हणजे गरज. नजर अडखळत नाही, म्हणून चूक छापूनही जाते.

घरची तेलुगू येते म्हणजे काम झालं, असंही नाही. आपल्याकडची बोली तेलंगणाची, ‘वच्चाडु’ला ‘ओच्चिंडु’ म्हणणारी. पुस्तकं बरीचशी किनारी आंध्रच्या वळणाची. अनेकांना लिपी वाचता येत नाही, ती शिकायलाच हवी. तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ओ वेगळे असतात, तो फरक ऐकून नाही, अक्षरावरून पक्का होतो.

एखादं पात्र तेलंगणाच्या बोलीत बोलत असेल तर त्याला पुस्तकी मराठी देऊ नये. ‘काय करायलास?’ विचारणारी सोलापुरी मराठी त्याच्या तोंडी शोभते, कारण ती तेलुगू आणि कन्नडच्या शेजारातच वाढली आहे.