नानांना विचार

माझी भाची हल्ली दर बुधवारी दादरला समुपदेशकबाईंकडे जाते. झोप लागत नाही, ऑफिसची कटकट, असं काहीबाही. परवा दुपारी ताईकडे जेवायला गेलो, तर ताईचा पारा चढलेला.

"तासाभराचे एवढे पैसे घेतले आणि सांगितलं काय, तर काही नाही! उलट हिलाच विचारलं, तुला काय वाटतं?"

"अगं आई, त्या सल्ला देतच नसतात," भाची कोशिंबीर वाढून घेत म्हणाली.

"मग पैसे कसले घेतात?"

फुकट हवं असेल तर सरकारची टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा आहे, २०२२ पासून, १४४१६ ला फोन करायचा, असं मी मध्येच म्हणालो. तिथेही आधी ऐकूनच घेतात म्हटल्यावर ताईने माझ्या पानात आमटी वाढता वाढता हात आवरला.

ताईला तरी काय बोलणार? आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. तिथे सल्ला मागावा लागत नसे. तोंड आलंय म्हणून गॅलरीत नुसतं थुंकायला उभं राहिलं, तरी नळापर्यंत पोचेस्तोवर तीन औषधं कळायची. 'काही सांगितलं नाही' याचा अर्थ आमच्याकडे भांडण झालंय.

मला स्वतःला सल्ला पटतो तो लोकलमधला. 'दादर कुठल्या बाजूला येतं?' याचं उत्तर देणारा बहुतेक दादरलाच उतरणारा असतो. चुकला तर आपल्याबरोबर तोही अडकणार. पुलावर उभ्या असलेल्यांचं मात्र खरं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला सेंट्रलच्या फलाटांचे नंबर बदलले, आता ते आठपासून सुरू होतात. तरी जुनी मंडळी अजून छातीठोकपणे 'चार नंबरला जा' सांगतात आणि नवखा माणूस वेस्टर्नच्या चार नंबरवर कल्याण गाडीची वाट बघत राहतो. सांगणारा काही फसवत नसतो. त्याचा जन्म गेलेला असतो त्या चार नंबरवर.

आमच्या चाळीतल्या नानांचाही जन्म गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर, गेला होता. आमच्या मजल्यावर कुणाचं काही अडलं की 'नानांना विचार' हे ठरलेलं. दादाची मॅट्रिक झाली तेव्हा बाबा त्यांच्याकडे गेले. मी दारात उभा होतो. नाना चहा बशीत ओतत म्हणाले, "गिरणीत चिकटव. पगार वेळेवर, वर बोनस. भोंगा कधी चुकलाय का?" दादा बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर आली, त्यांत नाना आणि दादा दोघंही. संप कधी मिटलाच नाही. दादाने पुढे वडापावची गाडी लावली, मग एका इमारतीत वॉचमन झाला.

नाना आमच्या दारावरून जायचे बंद झाले. लांबच्या जिन्याने उतरायचे. आई एकदा त्यांच्याबद्दल काही बोलली, तेव्हा बाबा चिडून म्हणाले, "त्याने स्वतःच्या पोराला कुठे लावला होता? तिथेच ना?" बाबांच्या लेखी विषय तिथे संपला.

माझी दहावी झाल्यावर बाबा परत नानांकडेच गेले. मलाही बरोबर नेलं. नानांनी बसायला पाट दिला, काकूंना चहा टाकायला सांगितला, इकडचं तिकडचं बोलले. बाबांनी विषय काढल्यावर म्हणाले, "मला नको विचारूस." मग माझ्याकडे वळून, "तुला काय करायचंय रे?"

चाळीतल्या मोठ्या माणसाने मला असं कधी विचारलं नव्हतं. काय सांगायचं ते सुचेना. मी कॉमर्स म्हणालो, कारण शेजारच्या बाकावरचा पोरगा कॉमर्सला चालला होता.

त्याने वर्षभरात कॉलेज सोडलं. मी अजून हिशेबच लिहितोय.