साडेसहाची भूक

संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनवर उतरणाऱ्या गर्दीत खरोखर उपाशी माणसं फार थोडी असतात. एक वाजता डबा झालेला असतो, चारला चहाबरोबर बिस्किटं. तरीही पश्चिमेचा जिना उतरताना वड्यांच्या ताज्या घाण्याचा वास आला की पाय तिकडे वळतात. याला आपण सरसकट भूक म्हणतो आणि मग स्वतःच्या इच्छाशक्तीच्या नावाने बोटं मोडतो. वास्तविक त्या वेळी आत दोन निरनिराळे कारभार चालू असतात, एक पोटाचा आणि एक चवीचा. पहिल्यावरचे उपाय दुसऱ्याला लागू पडत नाहीत. आहाराच्या बहुतेक सल्ल्यांचं घोडं इथेच पेंड खातं.

पोटाच्या कारभारात पहिला मान घ्रेलिनचा. १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केनजी कानगावा यांनी हे संप्रेरक उंदरांच्या जठरातून वेगळं काढलं. २८ अमिनो आम्लांची ही साखळी, पण तिला आठ कार्बनचं एक मेदाम्ल जोडलं गेल्याशिवाय ती भूक लावत नाही. तेच मेदाम्ल खोबरेल तेलातही असतं. त्यावरून कोकणी माणसाच्या भुकेबद्दल कुणी निष्कर्ष काढू नयेत. घ्रेलिन जेवणाच्या आधी वाढतं, जेवल्यावर उतरतं, आणि मुख्य म्हणजे त्याला सवयीच्या वेळा पाठ होतात. रोज साडेसहाला काही खायचा शिरस्ता असेल तर ते साडेसहाला डोकं वर काढणारच. गंमत अशी की त्या वेळी काहीच खाल्लं नाही, तरी थोड्या वेळाने ते आपोआप खाली येतं. घरातली मोठी माणसं ‘वेळ टळली, आता भूकच मेली’ म्हणतात, ते दिवसभर उपाशी ठेवलेल्या लोकांच्या रक्तात मोजून पाहिलेलं आहे.

पुरे म्हणायचं काम आतड्याकडे. तेल-तूप आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं आणि व्हेगस मज्जातंतूवाटे मेंदूला खबर जाते. पुढच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही ‘पुरे’ सांगणारी आणखी दोन संप्रेरकं येतात. हे सगळं नीट जाणवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. उभ्याने, एका हातात बॅग धरून वडापाव चार मिनिटांत संपतो. म्हणजे दुसऱ्याची ऑर्डर जाते तेव्हा पहिल्याची खबर अजून वाटेत असते. लेप्टिन हे पाचवं नाव सगळ्यांना माहीत असतं. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये त्याचं जनुक शोधलं. पण ते चरबीच्या पेशींतून येतं आणि साठा किती आहे हे कळवतं. आजच्या वड्यात ते फारसं लक्ष घालत नाही, आणि लठ्ठपणात तर ते भरपूर असूनही मेंदू त्याला दाद देत नाही.

आता चवीचा कारभार. भांग प्यायलेल्याला खा-खा सुटते हे होळीला सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यातल्या टीएचसी या द्रव्याची रचना राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली उलगडली. ते मेंदूत जिथे जाऊन बसतं त्या जागेचं, म्हणजे सीबी-१ ग्राहीचं जनुक १९९० मध्ये सापडलं. मग प्रश्न आला की शरीराने ही जागा कुणासाठी ठेवली होती? १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत उत्तर मिळालं: आनंदामाइड. पाठोपाठ २-एजी. ही दोन्ही द्रव्यं साठवून ठेवलेली नसतात. गरज पडली की पेशीच्या आवरणातल्या स्निग्धांशापासून जागच्या जागी तयार होतात, काम करतात आणि लगेच मोडली जातात. त्यांची चालही उलटी. एरवी मज्जापेशींमधला निरोप देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. इथे घेणारी पेशीच देणारीला ‘आता आवर’ म्हणून सांगते. सोसायटीची टाकी वाहायला लागली की गच्चीवरून वॉचमनला ‘पंप बंद कर’ म्हणून ओरडतात, तसंच.

एवढ्याने खादाडी कशी वाढते? येल विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगात असं दिसलं की हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागातल्या, एरवी ‘पुरे’ म्हणणाऱ्या पेशीच सीबी-१ च्या प्रभावाखाली बीटा-एन्डॉर्फिन हे शरीराचं स्वतःचं अफूसारखं द्रव्य सोडू लागतात आणि पोट भरलेला उंदीर पुन्हा खायला बसतो. ‘नको’ म्हणणाराच आग्रह करायला लागल्यावर पाहुण्याने काय करावं! त्याआधी २०१४ मध्ये दिसलं होतं की उपाशी उंदरांत गंध ओळखणाऱ्या मेंदूच्या भागात हीच यंत्रणा जागी होते आणि वास जास्त तीव्र जाणवतो. दुपारचा डबा मीटिंगपायी तसाच राहिला, त्या दिवशी तळणाचा वास फलाटापर्यंत आल्यासारखा वाटतो, त्यात हाही भाग असावा.

पण सगळ्यात कामाचा प्रयोग २०११ चा, कॅलिफोर्नियातला. उंदरांना वेगवेगळे द्रव प्यायला दिले आणि ते पोटात टिकू न देता नळीवाटे बाहेर काढले, म्हणजे मिळाली ती केवळ चव. साखरेच्या चवीने काही झालं नाही, प्रथिनांनीही नाही. तेलाच्या चवीने मात्र लहान आतड्यात आनंदामाइड आणि २-एजी हीच द्रव्यं वाढली, आणि ती औषधाने अडवली तेव्हा उंदरांचं तेल पिणं कमी झालं. फरसाणाची पिशवी ‘एकच मूठ’ म्हणून उघडावी आणि तळाचा चुरा बोटाने टिपेपर्यंत थांबता येऊ नये, याचं मला पटलेलं स्पष्टीकरण हेच. माणसांवरचाही एक छोटा इटालियन प्रयोग आहे, २०१२ चा. जेवून तृप्त झालेल्या आठ जणांना आवडीचा पदार्थ दिला तेव्हा रक्तात २-एजी आणि घ्रेलिन दोन्ही वाढले. तेवढ्याच उष्मांकाच्या, पण नावडत्या पदार्थाने तसं झालं नाही. आठ माणसांचं फार ताणू नये. तरी पंगतीत ‘आता पाणीसुद्धा नको’ म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी आली की काय होतं, ते आठवून बघा.

ही यंत्रणा बंदच करून टाकावी असंही वाटलं होतं. रिमोनाबॅन्ट हे सीबी-१ अडवणारं औषध २००६ मध्ये युरोपात आलं. वजनं उतरली, पण त्याबरोबर लोक उदास व्हायला लागले, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि २००८ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. हा ग्राही मेंदूभर पसरलेला आहे. वड्याची गोडी तेवढी काढून बाकीच्या गोड्या शाबूत ठेवणं त्या गोळीला जमलं नाही. वजन उतरवणाऱ्या सध्याच्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांची वाट वेगळी, ती जीएलपी-१ ची नक्कल करतात. शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं होतं, सेमाग्लुटाइडला तेवढं व्हायला आठवडा लागतो; जठर सावकाश रिकामं होतं, खाण्याचे विचारही कमी होतात. मळमळ नेहमीची. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचंही नोंदलेलं आहे. हा डॉक्टरांशी बसून बोलायचा विषय, व्हॉट्सअ‍ॅपवरचा नव्हे.

मग साडेसहाचं काय करायचं? पोटाची भूक साडेचारलाच भागवायची. चहाबरोबरची बिस्किटं इथे कुचकामी, कारण मैदा आणि साखरेने रक्तातली साखर चढते आणि दोन-तीन तासांत खाली येते, म्हणजे नेमकी ट्रेन ठाण्यात शिरते तेव्हा. त्याऐवजी ३० ग्रॅम फुटाणे, म्हणजे साधारण सहा ग्रॅम प्रथिनं, किंवा एक उकडलेलं अंडं आणि बिनसाखरेचं ताक. ऐरोलीच्या ऑफिसच्या खणात फुटाण्यांची बरणी महिनाभर टिकते. चवीची भूक फुटाण्यांनी जाणार नाही, तिच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये. तिच्या बाबतीत प्रश्न पहिल्या घासाचा असतो. तो घ्यायचाच असेल तर खुशाल घ्यावा, पण प्रमाण आधी ठरवून: वडा एक, बसून, दहा मिनिटांत; चिवडा पिशवीतून नव्हे, वाटीत काढून, आणि वाटी भरल्यावर डबा ओट्याच्या वरच्या फळीवर. मिसळ असेल तर आधी खालची उसळ खावी आणि मग पावाला हात लावावा. तिसरा पाव लागतो तो बहुधा तर्रीपायी.

एक कारण मात्र आदल्या रात्रीचं असतं. शिकागोत २०१६ मध्ये तरुण मंडळींना चार रात्री जेमतेम साडेचार तास झोपू दिलं. एरवी रक्तातलं २-एजी दुपारी कळसाला पोचून उतरतं. त्यांचं सुमारे ३३ टक्के जास्त चढलं आणि रात्री नऊपर्यंत वरच रेंगाळलं. दोनच तासांपूर्वी भरपेट जेवूनही समोरच्या वेफर्स-कँडीवर त्यांना ताबा ठेवता आला नाही. पहाटेची गाडी पकडणाऱ्या आणि रात्री एकपर्यंत मोबाइल चाळणाऱ्या माणसाची तीच गत. अशा दिवशी तलावपाळीला, ठाण्यातल्या तलावाकाठच्या खाऊच्या गाड्यांकडे, चक्कर मारायचीच असेल तर घरून जेवून निघण्यानेही फारसा फरक पडत नाही. पाकीट घरी ठेवलं तर पडतो, आणि यूपीआय आल्यापासून तोही उपाय गेला.