लाकूड लांबीला वाढत नाही

"आरं, तुझ्या फरशीखाली मांजर निजलंय का काय, बघ येऊन," आजी फोनवर म्हणाल्या. एरवी त्या घरातून फोन आला तर अप्पांचा येतो. आजींनी कुणाला तरी नंबर लावायला सांगून स्वतः बोलायचं ठरवलं, म्हणजे मामला साधा नाही एवढं कळलं.

जुलैचा शेवट होता. तीन दिवस सांगलीत ऊन दिसलं नव्हतं. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की आमच्या गावात एक ठरलेलं दृश्य दिसतं. कृष्णेवरच्या इर्विन पुलावर छत्र्यांची रांग लागते आणि जो तो पाण्याची उंची दाखवणाऱ्या फूटपट्टीकडं बघत असतो. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. त्या दिवशी पाणी चाळीसच्या दिशेनं सरकत होतं. मी गाडी थांबवली नाही, पण मान वळवून बघितलंच.

घर मारुती चौकाच्या बाजूचं, दुमजली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा या घराचा खालचा मजला अख्खा बुडाला होता. त्यानंतर कुटुंब कायमचं वर राहायला गेलं. वर जुनी मोझाईकची फरशी, वर्षानुवर्षं पुसून काचेसारखी झालेली. आजी एकदा घसरल्या. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवानं ठरवून टाकलं की वर लाकडी फ्लोअरिंग करायचं. म्हणजे लॅमिनेट, वर लाकडाचं चित्र छापलेल्या दाबीव फळ्या. लॅमिनेट घसरत नाही असं काही नसतं, चकचकीत घेतलं तर तेही घसरतं. म्हणून मी खरखरीत पोताचं, ८ मिलिमीटर जाडीचं, एसी फोर दर्जाचं, म्हणजे वापरानं लवकर न झिजणारं, घ्यायला लावलं. मार्चमध्ये ते मीच बसवलं.

आणि नीट बसवलं होतं, हे आधी सांगतो, कारण पुढं मी जरा उघडा पडणार आहे. खोके आणून दोन दिवस त्याच खोल्यांत आडवे ठेवले, म्हणजे फळ्यांना घराची हवा लागावी. मोझाईकवर दोन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी फिरवली. जिथं खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तिथं खड्डा भरून घेतला. प्लास्टिक, त्यावर फोम, त्यावर फळ्या. चौकटी खालून कापून फळी आत सरकवली. चारी भिंतींना पाचरी लावून तीन सुताची फट सोडली; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ही फट म्हणजे या कामाचा जीव. असली फरशी खाली चिकटवलेली नसते, खिळलेली नसते, नुसती तरंगत असते. ओल्या हवेत ती पसरते, कोरड्या हवेत आवळते, आणि स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या, आड हा सगळा खेळ चालू असतो.

एकच गोष्ट केली नाही. हॉल १७ फूट, बोळ ८ फूट आणि आतली खोली १३ फूट, असं सगळं एका रेषेत ३८ फूट, म्हणजे साडेअकरा मीटर, सलग टाकलं. दारात टी-प्रोफाइलची पट्टी लावायची असते, त्या पट्टीखाली फरशीचे दोन तुकडे वेगळे होतात. पण नातू व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दादा, पट्टी नको. आजीचा पाय अडकेल." मलाही पटलं. खरं तर पटवून घेतलं, कारण सलग फरशी दिसायलाही छान दिसते आणि फळ्या लांबीच्याच दिशेनं जात होत्या.

त्या "लांबीच्याच दिशेनं" मध्ये माझे वडील आहेत. ते सागवानाचे सुतार. दहा-बारा वर्षांचा असताना त्यांनी मला शिकवलं होतं की लाकूड रुंदीला वाढतं, लांबीला वाढत नाही. पावसाळ्यात दार चौकटीला घासतं ते बाजूनं; दार कधी उंच झालेलं बघितलंस का? शंभर टक्के खरं आहे. सागाची फळी आडवी फुगते, उभी जवळजवळ नाहीच. तेव्हा रुंदीच्या बाजूला फट ठेवली की लांबीकडं फार बघायचं कारण नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. छापील पत्रकात आठ-दहा मीटरच्या पुढं सलग टाकू नका असं लिहिलेलं असतं. ते मी वाचलं होतं, पण ती कंपन्यांची जादाची काळजी समजून सोडून दिलं होतं.

तर जिना चढून वर गेलो. आधी मांजर बघितलं. आतल्या खोलीच्या दारात, बरोबर उंबऱ्याच्या जागी, फरशी तंबूसारखी उठली होती. दार अर्ध्यात घासून अडकलेलं. पट्टी आडवी धरून मोजलं तर सहा फुटांच्या अंतरात मधे सव्वा इंच उठाव. पाय ठेवला की फळी खाली जायची आणि सोडला की ठप्प आवाज करून वर.

घरात सगळ्यांची मतं तयार होती. अप्पा म्हणाले, मालच हलका दिला तुम्हाला. काकूंचा संशय बाथरूमवर. शेजारचे एक गृहस्थ, पुराचं सामान वर चढवायला मदतीला आलेले, त्यांचं म्हणणं की २०१९ चं पाणी भिंतीत मुरलंय ते आता वर चढतंय. मी म्हटलं, काका, पाच-सहा वर्षं दम धरून पहिल्या मजल्यावर चढणारं पाणी मी तरी बघितलं नाही.

पण बाथरूमचा संशय मलाही होता. अशा कामात दहातली निम्मी भांडणं पाण्याची असतात. आपल्याकडं फरशी पुसायची म्हणजे बादलीभर पाणी ओतून पुसायची, ती सवय लॅमिनेटला मानवत नाही. म्हणून गुडघे टेकून नखानं सांधे तपासत गेलो. वरून पाणी मुरलं असेल तर फळीचे काठ सुजतात, सांध्यावर बारीक वरंबा लागतो, आणि एकदा सुजलेला काठ पुन्हा बसत नाही. इथं सांधे गुळगुळीत. काठ जसेच्या तसे, फळीच्या फळी उचललेली. स्कर्टिंग काढून ओलाव्याच्या मीटरचे काटे फळीच्या उघड्या कडेत टोचले. बाथरूमला लागून असलेला कोपरा आणि हॉलची रस्त्याकडची भिंत, दोन्हीकडं काटा सारखाच. गळती असती तर एका जागी आकडा उडाला असता. म्हणजे फुगली होती ती हवेनं, सगळीकडून सारखीच.

मग फट संपली असणार, असं म्हणून हॉलच्या टोकाची फट बघितली. तिथंच मी गोंधळलो. फट होती! दोन सूत तरी शिल्लक. फरशीला पसरायला जागा होती आणि तरी ती तिकडं न जाता दारात उठली होती. आतल्या खोलीच्या टोकालाही तीच गत. अर्धा तास मी आणि माझ्याबरोबरचा पोरगा एकमेकांकडं बघत बसलो. काकूंनी चहा दिला. तेवढ्यात खालून आणखी एक पोतं आलं. शेजारच्या काकांनी ते हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि कपाळ पुसलं.

मी त्या भिंतीकडं बघितलं. ज्वारीची, गव्हाची, तांदळाची मिळून नऊ पोती, भिंतीला लागून ओळीनं. उठलो, आतल्या खोलीत गेलो. तिकडच्या भिंतीला दोन लोखंडी कपाटं आणि त्यांच्या मधे शिलाई मशीन.

"अप्पा, हे सामान वर कधी आलं?"

"जूनमध्येच आणलं. पावसाळा सुरू झाला की आणतोच. त्या साली दोन तासांत पाणी जिन्याला लागलं होतं, मिस्त्री. आता आम्ही वाट बघत नाही."

तरंगत्या फरशीची दोन्ही टोकं त्यांनी दाबून धरली होती. त्यांना बोलणार तरी काय? २०१९ बघितलेल्या माणसाला पोती खाली ठेवा म्हणायला माझी जीभ वळली नसती. आणि मधे दाराच्या पट्टीखाली फट असती तर दोन्हीकडची फरशी तिकडं सरकली असती, दाबलेली टोकं आपल्या जागी राहिली असती. ती फट मी ठेवली नव्हती.

लॅमिनेटच्या फळीच्या पोटात एचडीएफ असतं. लाकडाचे तंतू सुटे करून, राळ घालून, उष्णतेनं दाबलेले. ते तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात, म्हणून ती फळी रुंदीला फुगते तेवढीच लांबीला फुगते. वर सागाचं चित्र छापलंय म्हणून ती सागासारखी वागत नाही. मीटरमागं एक मिलिमीटर धरला तरी ३८ फुटांना साडेतीन सुताच्या वर होतं. आणि सव्वा इंचाचा तंबू उठायला तेवढंही लागत नाही. नंतर घरी पोलादी पट्टी वाकवून बघितली. सहा फुटांत अर्ध्या सुताहूनही कमी लांबी वाढली की मधे सव्वा इंच उठतो. मला वाटत होतं की एवढा उठाव म्हणजे फरशी बोटभर तरी वाढली असणार.

अप्पांना म्हटलं, दारात कापावं लागेल. ते गप्प झाले. चार महिन्यांपूर्वी पैसे मोजलेली फरशी कापायची म्हटल्यावर कोण आनंदानं हो म्हणेल? शेवटी आजीच पलीकडून म्हणाल्या, "काप बाबा, माझी काठी ठेचकाळती."

दार मिटल्यावर त्याच्या खाली येईल अशी रेघ मारली आणि मल्टीटूल, म्हणजे थरथरत्या पात्याचं कापायचं यंत्र, लावलं. पहिली कड कापत अर्ध्यावर आलो आणि पातं अडकलं. पुढंही जाईना, निघेनाही. दोन्हीकडच्या फळ्या येऊन पात्याला चिमटा बसला होता. इतकी वर्षं हे काम करतोय, पण वाढलेलं लाकूड हाताला असं ढकलताना कधी जाणवलं नव्हतं. पोरानं फटीत पाचर ठोकली तेव्हा पातं सुटलं. चार सूत सोडून दुसरी कड कापली. मधली चिपाटी निघाली मात्र, खाड् असा आवाज झाला आणि तंबू अर्ध्याहून जास्त खाली बसला. काकू दचकून मागं सरल्या. शेजारचे काका म्हणाले, "हवा गेली." बरोबरच बोलले.

राहिलेला उठाव लगेच दाबायचा नसतो, तो आपला आपण बसतो. पोती हलवायला सांगितली नाहीत, हॉलच्याच बाजूला राहू दिली, फक्त आतली खोली मोकळी केली. कपाटं गॅलरीच्या टाइल्सवर नेली, वर ताडपत्री टाकली. हे करण्यात दुपार गेली. पाणी त्या रात्री उतरायला लागलं, ते वेगळं.

पाच दिवसांनी पट्टी घेऊन गेलो. फरशी सपाट. पट्टीचा पाया फटीतून खालच्या मोझाईकला स्क्रूनं बसवला, फळीला एकही स्क्रू लागू दिला नाही, नाहीतर पुन्हा तेच. उंची कमीत कमी मिळाली ती घेतली, तरी दीड सूत वर राहतेच. रंग मुद्दाम चंदेरी आणला. फरशीच्या रंगाची पट्टी म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही. अप्पांनी पाकीट काढलं. पट्टीचे तेवढे घेतले, मजुरी घेतली नाही. त्यांनी कारण विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते आज इथं लिहितोय.

नातू व्हिडिओ कॉलवर होता, कपाळाला आठ्या. "आजी, जपून. पट्टी आहे तिथं."

आजी काठी टेकत आल्या. काठीच्या टोकानं पट्टीवर दोनदा टकटक केलं. मग पदर सावरून पाय अलगद वर उचलला, पलीकडं ठेवला, आणि वळून माझ्याकडं बघितलं.

"उंबरा हाय म्हण की," आजी म्हणाल्या. "मग आधीच का न्हाई केलास?"