गच्चीवरचा सोडा

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी पारा ४२ अंशांकडे सरकला की गोटी सोड्याच्या गाडीभोवती माणसे जमतात. अशाच एका दुपारी, हा सोडा घरीच का करू नये, या विचाराने मला पछाडले. नवी पेठेतल्या माझ्या नेहमीच्या गाडीवरच्या काकांना बेत सांगितला, तेव्हा त्यांनी एवढेच बजावले की काचेची बाटली अजिबात घेऊ नका. ते स्वतः ती जाड काचेची बाटलीसुद्धा लोखंडी पेटीत बंद करूनच वायू भरतात. ही बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट केली. आतला वायूच गोटीला तोंडाजवळच्या रबरी कड्यावर दाबून धरतो, म्हणजे जो दाब बाटली फोडू पाहतो तोच तिचे बूचही होतो.

काच मी टाळली, पण विकतच्या पाण्याची अर्ध्या लिटरची पातळ बाटली घेतली, जी मुळात दाब सोसण्यासाठी केलेलीच नसते. दोन बाटल्यांच्या बुचांना भोके पाडून त्यांत सलाईनची नळी बसवली आणि सांधे गमाने बुजवले. पहिल्या बाटलीत थोड्या पाण्यात ३० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवले आणि ४० ग्रॅम खाण्याचा सोडा कागदाच्या पुडीत बांधून आत सोडला, जेणेकरून तो हळूहळू भिजावा. दुसऱ्या, मोठ्या बाटलीत फ्रिजमधले लिटरभर गार पाणी होते.

सुरुवातीला सारे सुरळीत चालले. मात्र वायू पाण्यात मुरण्यासाठी बाटली हलवावी लागते आणि हलवताना आंबट पाणी नळीतून पलीकडे जाऊ नये, म्हणून मी नळी दुमडून तिला कपड्यांचा चिमटा लावला. नेमकी तेव्हाच पुडी फुटली. बाटली दगडासारखी टणक झाली, तिचा तळ फुगून गोल झाला आणि ती आपोआप कलंडली. मी दोन पावले मागे सरतो न सरतो, तोच फटाक्यासारखा आवाज झाला, गमाचा सांधा सुटून नळी उडाली आणि पांढरट आंबट पाण्याची चिळकांडी आईने जुन्या साडीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली.

हिशेब मी रात्री केला. तो सकाळीच करायला हवा होता. ४० ग्रॅम सोड्यातून साधारण २१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तो सुमारे १२ लिटर जागा व्यापतो. तो सगळा त्या छोट्या बाटलीत अडकला असता, तर दाब हवेच्या वीसपटीहून वर गेला असता. माझा गम कच्चा निघाला, हे माझे नशीब. शिवाय साध्या दाबाला फ्रिजमधल्या लिटरभर पाण्यात जेमतेम दीड लिटर वायू मुरतो आणि तेच पाणी ४० अंशांपर्यंत तापले तर अर्धा लिटरच; म्हणजे भर दुपारी गच्चीवर मांडलेला हा खटाटोप तसाही फुकटच जाणार होता.

दुसऱ्या बाटलीतले पाणी मी तरीही चाखले. जिभेला किंचित चुरचुरले, इतकेच. आई तोवर भिजलेल्या कुरडया वेगळ्या काढत होती आणि मान वर न करता म्हणाली, "कोपऱ्यावरून सोडा आणायला पाय दुखत होते का रे तुझे?"