मूळचंच असं, की बिघडलंय?

गेली बारा वर्षं मी ब्लॅक मेटलच्या, म्हणजे हेवी मेटलच्या एका टोकाच्या, कर्कश प्रकारातल्या, डेमो कॅसेटींची परीक्षणं लिहितो. युरोपातल्या एका छोट्या मासिकासाठी, तेही इंग्रजीत. पैसे असे नाहीतच, कॅसेटी फुकट मिळतात एवढंच. पण महिन्याला दहा-बारा ऐकून निकालात काढाव्या लागतात, म्हणून मी त्याला काम म्हणतो. घरात त्याला वेगळं नाव आहे.

मागच्या जुलैत फ्रान्सहून एक पाकीट आलं. एकट्या माणसाचा बँड. झेरॉक्सवर काढलेलं कव्हर, त्यावर निष्पर्ण झाडं, काट्याकुट्यांसारखा न वाचता येणारा लोगो, आत बॉलपेननं लिहिलेलं ३७/१००, म्हणजे शंभरातली सदतिसावी प्रत. चार गाणी, २३ मिनिटं. डिजिटल कॉपी मागितली तर मिळत नाही. या मंडळींचा तो बाणाच असतो.

ती कॅसेट मी तीनदा ऐकली आणि अक्षरशः हललो. या प्रकारातली गिटार सहसा पातळ, कर्कश, पत्र्यावर तार घासल्यासारखी असते. इथे ती जाड होती, ओली होती. ड्रमचा ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगाचा सलग ठोका, भिंतीपलीकडून यावा तसा. ओरडणारा माणूस विहिरीच्या तळाशी. मी लिहिलं की बाकीचे सगळे तीस वर्षांपूर्वीच्या नॉर्वेतल्या बँडांची नक्कल करत असताना या गड्यानं गिटार अर्धा सूर उतरवून, वरचे सगळे सूर छाटून, स्वतःचा अंधार शोधला आहे. दहापैकी साडेआठ. इतके गुण मी वर्षातून एखाद्यालाच देतो.

थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. या संगीतात ध्वनिमुद्रण वाईट असणं हा दरवेळी अपघात नसतो. स्वीडनच्या बॅथोरी या बँडनं १९८४ साली पहिला अल्बम स्टॉकहोममधल्या एका गॅरेजात उरकला, तेव्हा पैसेच नव्हते. पण नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडची गोष्ट वेगळी. त्यांचा १९९१चा पहिला अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, रीतसर झाला होता. चांगला आवाज कसा काढतात हे त्यांना ठाऊक होतं. तरी १९९४चा ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ त्यांनी घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केला. बर्झम या नॉर्वेच्याच एकट्याच्या बँडच्या विकर्नेसनं तर ‘फिलोसोफेम’ या अल्बमसाठी असेल नसेल तो सगळ्यात टाकाऊ माइक मागितला आणि शेवटी हेडसेटच्या माइकमध्ये गायला. (हाच माणूस पुढे खुनासाठी तुरुंगात गेला. त्याच्या मतांचे वारसदार अजून आहेत, म्हणून कॅसेट लावण्याआधी मी बँडची कुंडली बघतो. नाझी निघाला तर पाकीट तसंच बंद.) आणि १९९४ सालीच नॉर्वेच्या मेहेम या बँडचा अल्बम आला, बर्गनच्या ग्रीगहालेन या संगीत सभागृहात मुद्रित झालेला, ड्रम देवळाच्या गाभाऱ्यात घुमावेत तसे. म्हणजे कच्चेपणाच्याही जाती आहेत, आणि माझ्या कामाचा निम्मा भाग म्हणजे ही जात ओळखणं. मला ती ओळखता येते, असा माझा समज होता.

परीक्षण छापून आलं आणि आठवड्यानं त्या फ्रेंच माणसाची मेल आली. अत्यंत सभ्य. ‘मनापासून आभार. फक्त एक. मी गिटार कधीच उतरवत नाही. आणि वरचे सूर मी छाटत नाही, उलट खालचे काढून टाकतो.’

मी मनातल्या मनात त्यालाच चूक ठरवलं. कलाकाराला स्वतःचं कुठं कळतं, वगैरे.

त्याच रविवारी आईनं तिच्या भजनी मंडळाची १९९६ सालची कॅसेट लावायला सांगितली. कोणाच्या तरी पंचाहत्तरीला वाजवायची होती. मी लावली. ती स्वयंपाकघरातून पीठाच्या हातानं बाहेर आली.

“अरे, आमची पट्टी का उतरवलीस?”

“मी काय उतरवणार? कॅसेट आहे ती.”

“आम्ही काळी पाचात गातो. हे पांढरी सहा आहे.” पेटी काढून, पीठ न पुसता तिनं पट्टी दाबून दाखवली. बरोबर अर्धा सूर खाली. “आणि हा कुलकर्णीकाकूंचा आवाज आहे? त्यांना सर्दी झाल्यासारखी वाटते.”

मी घड्याळ लावून फ्रेंच कॅसेट पुन्हा ऐकली. २३ मिनिटांची कॅसेट चोवीस मिनिटं आणि वर वीसेक सेकंद चालली. म्हणजे टेप हळू फिरत होती, आणि हळू फिरली की सूर उतरतो. ही गोष्ट मी तीन वेळा ऐकताना एकदाही बघितली नव्हती.

सोमवारी कॅसेट डेक उचलून दुरुस्तीला तपकीर गल्लीत नेला. जुन्या बाजारातून घेतलेला जपानी डेक, त्याला पुण्याचा पावसाळा सोसत नाही. दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण काढलं, टेप फिरवणारा रबरी बेल्ट बोटावर घेतला. शेवईसारखा लोंबला. मग टेपवरचा आवाज उचलणाऱ्या हेडवर कापूस फिरवून मला दाखवला, चॉकलेटी चिकट. “यातून तुम्हाला काय ऐकू येत होतं?” मी गप्प.

नवीन बेल्ट, घासून साफ केलेलं हेड, आणि मोटरच्या मागच्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर. वेग लावायला आईचीच कॅसेट होती. मी फोनवर तानपुऱ्याचं ॲप काळी पाचावर लावून धरलं, काका केसाएवढा स्क्रू फिरवत होते आणि गल्लीत अभंग वाजत होता. सूर तानपुऱ्याला मिळाला तेव्हा शेजारच्या दुकानातला पोरगाही “बास, बास” म्हणाला.

मग मी फ्रेंच कॅसेट लावली. काकांनी अर्धा मिनिट ऐकली आणि बंद बटणाकडे हात नेला.

“दादा, हे मूळचंच असं आहे, की अजून बिघडलंय?”

“मूळचंच.”

“मग ठीक आहे. माझ्याकडनं झालं काम.”

घरी येऊन नीट ऐकली. गिटार पातळ, कर्कश, पत्र्यावर तार. ब्लास्ट बीट टाइपरायटरसारखा. वाईट नव्हती. पण अशा कॅसेटी माझ्या कपाटात दोन खोकी भरून आहेत. विहीर नव्हती, ओल नव्हती. जे मला आवडलं होतं ते सगळं माझ्या सैल बेल्टचं आणि चिकट हेडचं कर्तृत्व होतं.

दोन दिवस वाटत राहिलं, गप्प बसावं. साडेआठ मिळालेला माणूस तक्रार करणार नाही. शेवटी संपादकाला खरं सांगितलं आणि दुसरं परीक्षण लिहिलं. पाच गुण. गेल्या पावसाळ्यातली जुनी परीक्षणंही काढून बघितली. त्यातल्या तिघांना मी ‘जड’ म्हटलं होतं. त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

फ्रेंच माणसालाही सगळं कळवलं. भजन, बेल्ट, सगळं. तो रागावेल अशी तयारी ठेवली होती. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. तुझ्या डेकवर ते जसं वाजत होतं, तसं मुद्रण करून पाठवशील का?

मी तपकीर गल्लीत फोन लावला. काका म्हणाले, जुना बेल्ट कचऱ्यात गेला, सोमवारीच.