बदली येईपर्यंत थांबा: हेलमंडहून परतण्याचा माझा अनुभव

ब्रिटिश आर्मीच्या रिझर्व्हमध्ये जावं का, असं मंडळातल्या एक-दोन मुलांनी परवा विचारलं. माझ्या तोंडून आधी निघालं ते अफगाणिस्तानातून परतीच्या विमानाबद्दल. 2011 ची गोष्ट आहे, पण तो राग काही उतरत नाही.

मी राहतो लेस्टरला. एरवी गोदामात नोकरी, आणि शनिवार-रविवारी रिझर्व्हचा गणवेश. बोलावणं आलं तेव्हा नॉटिंगहॅमजवळच्या चिलवेलला हजर झालो. तिथे डॉक्टर, दातांचा डॉक्टर, किट, बंदुकीची परीक्षा वगैरे पटापट झालं. तेवढा भाग चोख होता.

अफगाणिस्तानच्या ब्रिटिश मोहिमेचं नाव ऑपरेशन हेरिक. 2006 पासून तिथल्या हेलमंड प्रांतात एक ब्रिगेड, म्हणजे काही हजार सैनिकांची तुकडी, साधारण सहा महिने राहायची, मग दुसरी यायची. अदलाबदल एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास व्हायची आणि प्रत्येक खेपेला नंबर असायचा. आमची खेप चौदावी, 3 कमांडो ब्रिगेडची. आमच्या जागी 20 आर्मर्ड ब्रिगेड येणार होती. अमेरिकन आर्मीवाले तेव्हा वर्ष-वर्ष राहायचे, त्यांचे मरीन सात महिने. आमचे सहा ऐकून ते चिडवायचे. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. कुठल्या गावात कोणाचं चालतं हे जरा कळायला लागलं की सामान बांधायची वेळ, आणि नवा ब्रिगेडियर येताना आपला नवा बेत घेऊन येणार. सैनिकाच्या बाजूने बघितलं तर सहा महिनेच पुरे. पायी गस्त घालणाऱ्या पोरांची तोंडं मी पाहिली आहेत.

मी स्वतः गस्तीवर नव्हतो. कॅम्प बॅस्टियनवर, म्हणजे हेलमंडमधल्या मोठ्या ब्रिटिश तळावर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कोठारात होतो, आणि तिथेच घोडं अडलं.

नियम असा, की ज्याच्या नावावर माल आहे त्याने तो बदली आलेल्या माणसाच्या नावावर करायचा. एकेक खोकं दोघांनी मिळून मोजायचं आणि मग नव्या माणसाने सही करायची. सही झाल्याशिवाय तुमचं नाव परतीच्या ‘चॉक’मध्ये, म्हणजे एका विमानाच्या प्रवाशांच्या यादीत, पक्कं होत नाही. आमचं रजिस्टर तयार, कंटेनर लावलेले, कुलपांना चिठ्ठ्या. बदलीचा माणूस मात्र नाही. त्याचं विमान इंग्लंडातच बिघडून बसलं होतं. मग दुसरं आलं, त्यात जागा आधी पायदळाला. बरोबरच आहे म्हणा, पुढच्या चौक्यांवरची पोरं आधी सुटायला हवीत. पण हे मला कोणी सांगेल तर! काउंटरवरचा कॉर्पोरल रोज एकच बोलायचा: “संध्याकाळी यादी बघ.” संध्याकाळी यादी लागायची, तंबूबाहेरच्या फळीवर चार पिना मारून. आमच्यातला एकेक जण तिच्यावर स्वतःचं नाव शोधून निघून जायचा. मी नखाने ओळी मोजत खालपर्यंत यायचो आणि परत वरून सुरू करायचो.

अखेर तो आला, डोळे लाल, धुळीने खोकत. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, सरळ पहिल्या कंटेनरपाशी नेलं. मोजणीत गाडीचे काही फिल्टर कमी निघाले. ते दुरुस्तीच्या शेडमध्ये गेले होते आणि पावती माझ्याकडे फाइलमध्ये होती, म्हणून वाचलो. पावती फाडू नका, फोटो काढून ठेवा, दुसऱ्याच्या शब्दावर एक बोल्टही देऊ नका.

सही झाली, मोठी बॅग तपासून जमा केली. तपासताना जवळ एकही गोळी किंवा रिकामं काडतूस नाही असं तोंडाने सांगावं लागतं. आणि उड्डाण पुढे ढकललं! मोठी बॅग आता मिळणार नाही. म्हणून मोजे, टॉवेल, चार्जर आणि जाड जाकीट हातातल्या पिशवीतच ठेवा. ऑक्टोबरात हेलमंडला दिवसा घाम येतो आणि रात्री दात वाजतात. त्यात फोन बंद. कोणी मारलं गेलं किंवा गंभीर जखमी झालं की त्याच्या घरी कळेपर्यंत तळावरचे फोन आणि इंटरनेट बंद ठेवायचे, त्याला ‘ऑप मिनिमाइझ’ म्हणायचे. त्यावर कुरकुर करायची कोणाची हिंमत नसते, माझीही नव्हती. आठवड्याला अर्ध्या तासाचा फुकट फोन मिळायचा, माझा तसाच राहिला.

विमान रात्री निघालं. सगळे दिवे बंद, अंगावर चिलखत, डोक्यावर हेल्मेट. चाकं उचलली तेव्हा कोणी काही बोललं नाही, उंचीवर गेल्यावर मात्र मागून कोणीतरी मोठ्याने शिवी दिली आणि सगळे हसले.

मध्ये सायप्रसला थांबावं लागायचं, साधारण दीड दिवस, घरी जाण्याआधी मन निवळावं म्हणून. कपडे धुऊन मिळायचे, समुद्र, मोजून बिअर, आणि ‘घरी गेल्यावर चिडचिड होईल’ अशी भाषणं. मला ते वेळ काढणं वाटलं. बरोबरचे बरेच जण मात्र तिथेच पहिल्यांदा नीट झोपले.

रिझर्व्हवाल्यांना मग पुन्हा चिलवेल: किट परत, तपासणी, कागद. ऐकण्याची चाचणी घाईत उरकू देऊ नका, निकालाची प्रत मागून घ्या. जनरेटरशेजारी सहा महिने काढलेत, नंतर कानात शिट्टी वाजायला लागली तर तोच कागद कामाला येतो. मोहिमेचा भत्ता तेव्हा दिवसाला 29 पौंडांच्या आसपास होता, तो उशिराच्या दिवसांचाही धरला आहे ना, हे तिथेच विचारा.

आणि घरी परतीची तारीख सांगू नका, नुसतं ‘ऑक्टोबरात’ म्हणा. मी दिवाळीच्या आधी येतो म्हणून बसलो होतो. सायप्रसहून फोन केला तर आई म्हणाली, “चकल्या दोनदा केल्या आणि दोनदा संपल्या. आता तू दारात दिसलास की तिसऱ्यांदा करते.”